वडिलांच्या डिप्रेशनवर पियानो थेरपी, खरंच उपयोग होतो का? कीबोर्ड घ्यावा का?

गोदाकाठ

मंडळी, सल्ला हवाय. लांबलचक झालंय, सांभाळून घ्या.

बाबा ६४ वर्षांचे, एसटीत होते, रिटायर झालेत. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतात, नाशिकला. सुरुवातीला वाटलं दुःख आहे, ओसरेल, पण ते दिवसेंदिवस गप्पच होत गेले, जेवणावरची वासना गेली, पहाटे तीनला उठून गॅलरीत बसायचे, मग एकदाचं सायकिॲट्रिस्टकडे नेलं. डिप्रेशनच निघालं. गोळ्या चालू आहेत, झोप सुधारलीये, जेवतातही, पण दिवसभर काही म्हणजे काही करत नाहीत. पेपर उघडून बसतात आणि अर्ध्या तासाने बघावं तर पान तेच.

आता आमच्या आतेभावाने नवीनच काढलंय, पियानो थेरपी. कुठल्याशा हीलिंगवाल्याचा ऑनलाइन कोर्स आहे, २१ दिवस हेडफोन लावून रोज ठराविक पियानो ऐकायचा, तो म्हणे ४३२ हर्ट्झचा असतो म्हणून पेशींपर्यंत पोचतो, फी १८ हजार. आणि वर असंही सांगितलंय की सातव्या दिवसापासून गोळ्या कमी करत आणता येतात. आतेभाऊ रोज फोन करून विचारतो, भरले का पैसे. मला ते गोळ्यांचं ऐकूनच धस्स झालं, पण संगीताने बरं वाटतं हे तर आपण सगळेच मानतो ना, म्हणून एकदम नाही पण म्हणवत नाही.

अजून एक. बाबा पेटी वाजवायचे. भजनी मंडळात आई गायची आणि बाबा साथीला. ती पेटी आता कपाटावर आहे, मी मध्ये खाली काढली तर म्हणाले ठेव वर, आणि आत निघून गेले. मी परत विषय काढला नाही. पण परवा माझ्या मुलाच्या खेळण्यातल्या कीबोर्डवर उभ्या उभ्या एक ओळ वाजवली त्यांनी, कोणी बघत नाहीये असं समजून. म्हणून डोक्यात आलं की कोर्सपेक्षा एक बरा कीबोर्डच आणावा का? या वयात पियानो येईल का? की मी उगाच आशेवर आहे?

खडूस मास्तर

सातव्या दिवसापासून गोळ्या कमी? हा कोण टिकोजीराव लागून गेला? ज्याने पेशंट डोळ्यांनी पाहिला नाही तो डोस ठरवणार. ताई, १८ हजार वाचवा आणि आतेभावाचा फोन आठवडाभर सायलेंटवर टाका.

ते ४३२ चं पण सांगतो, कारण हे यूट्यूबवर बोकाळलंय नुसतं. वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून एक सूर ठरवून घेतात, तो सध्या ४४० हर्ट्झ धरतात, १९५५ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब झालं, त्याआधी गावोगावी वेगवेगळं असायचं. ४३२ म्हणजे सगळं किंचित उतरवलेलं, शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर असतं त्याच्या साधारण एक तृतीयांश. बस. आपले गवई तर कोणी पांढरी एक, कोणी काळी दोन, ज्याचा गळा जिथे तिथे तंबोरा लावतात. मग त्यातल्या नक्की कुठल्या तंबोऱ्याने पेशी दुरुस्त होतात म्हणायचं?

पियानो आणि डिप्रेशन म्हटलं की मला रशियन संगीतकार रॅखमॅनिनॉफ आठवतो. १८९७ मध्ये त्याची पहिली सिंफनी सेंट पीटर्सबर्गला सपशेल आपटली, टीकाकारांनी सोलून काढला, आणि मग जवळपास तीन वर्षं या माणसाच्या हातून धड काही लिहून होईना. हा कोण, तर जगातल्या मोठ्यात मोठ्या पियानिस्टांपैकी एक, घरात पियानो, बोटांत पियानो, तरी पियानोने त्याला वर काढलं नाही. १९०० साली निकोलाय डाल नावाच्या डॉक्टरकडे रोज जायला लागला, ते संमोहन आणि बोलणं असा उपचार करायचे, त्यानंतर हात सुटला आणि दुसरा पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंद मिळून वाजवायची रचना) पुरा झाला. अर्पण केलाय डॉक्टर डाल यांना. आतेभावाला एवढं फॉरवर्ड करा माझ्यातर्फे.

तिसरी घंटा

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्यात. मास्तरांचा टोन सोडा, पण गोळ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. या गोळ्या अचानक सोडल्या की चक्कर, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात करंट मारल्यासारखं होणं असं होऊ शकतं, आणि आजार उलटायची भीती ती वेगळीच. कमी करायच्या असतील तर ज्यांनी लिहून दिल्यात त्यांनीच, हळूहळू.

आता म्युझिकचं. तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र झाल्यात आणि जाहिरातवाले त्या मुद्दाम एकत्र करतात. नुसतं ऐकणं वेगळं, स्वतः वाजवणं वेगळं आणि ट्रेन्ड थेरपिस्टबरोबर बसून केलेली म्युझिक थेरपी वेगळी. एकीचा पुरावा दुसरीला लावायचा नाही.

थेरपीचा सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो २०११ चा फिनलंडमधला अभ्यास, डिप्रेशनचे ७९ पेशंट, सगळ्यांचे नेहमीचे उपचार चालू, त्यातल्या ३३ जणांना शिवाय आठवड्यातून दोनदा अशी २० सेशन्स. तीन महिन्यांनी त्या ३३ जणांत सुधारणा जास्त दिसली, सहा महिन्यांनी मात्र दोन गटांतला फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नव्हता. आणि त्यात कोणी हेडफोन लावून पडून नव्हतं, पेशंट आणि थेरपिस्ट मिळून ज्येंबे (हाताने वाजवायचा आफ्रिकन ढोल) वगैरे वाजवत होते आणि त्यातून जे वर यायचं त्यावर बोलत होते. २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने असे ९ अभ्यास एकत्र करून पाहिले, निष्कर्ष साधारण हाच, की नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून दिली तर थोड्या काळापुरता फायदा दिसतो. जोड म्हणून, हे अधोरेखित करा.

वाजवण्याबद्दल तुमच्या कामाचा एक अभ्यास आहे, स्पेनमधला, २०१३ चा. ६० ते ८४ वयाच्या लोकांना चार महिने पियानो शिकवला, रोजचा सराव धरून. त्यांचा मूड सुधारला, लक्ष लागण्याच्या एका चाचणीतही पुढे गेले. पण पियानोवाले फक्त १३ जण होते, त्यामुळे फार उड्या मारू नका. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात ३१ जणांवर केलेल्या अभ्यासातही ११ आठवडे, आठवड्याला एक तास पियानो, एवढ्यावर डिप्रेशन, काळजी आणि ताणाचे गुण खाली आले. नुसतं ऐकणारा एक गट पण होता, त्यांच्यात तो फरक आला नाही. अर्थात हे पेशंट नव्हते, आपल्यासारखे धडधाकट लोक होते.

त्यामुळे तुमचा कीबोर्डचा विचार मला कोर्सपेक्षा कितीतरी पटीने बरा वाटतो. आमच्याकडे डिप्रेशनमध्ये माणसाला आधी काहीतरी छोटं करायला लावतात, करावंसं वाटायची वाट बघायची नाही, करून झालं की थोडं वाटायला लागतं. दहा मिनिटं वाजवणं हे त्यात चपखल बसतं. फक्त कीबोर्ड येऊन पडला आणि त्यांनी महिनाभर हात लावला नाही तर घरात "एवढे पैसे घातले तुमच्यासाठी" हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. डिप्रेशनमधल्या माणसाला अपराधी वाटायला निमित्तच हवं असतं.

आणि मध्येच कधी जगण्यात अर्थ नाही असं काही बोलले, किंवा वस्तू, कागदपत्रं वाटून टाकायला लागले तर थांबू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. रात्रीबेरात्री १४४१६ वर टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

जर्सीची जाऊबाई

न्यू जर्सीत हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. आमच्याकडे म्युझिक थेरपिस्ट ही नोकरीच आहे, डिग्री, १२०० तासांचं ट्रेनिंग, वर बोर्डाची परीक्षा. आमची थेरपिस्ट कीबोर्ड ढकलत वॉर्डमध्ये येते तेव्हा पहिली पाच मिनिटं तर काही वाजवतच नाही, पेशंटकडे बघत बसते. मग त्याच्या श्वासाच्या लयीत दोनच सूर, परत परत. पेशंट अस्वस्थ असेल तर आधी तिचं वाजवणंही तसंच जरा धावपळीचं असतं आणि मग ती हळूच लय उतरवत नेते, पेशंट तिच्यामागे खाली येतो. रडवेल्या माणसासमोर एकदम आनंदी गाणं कधीच लावत नाही. हे रेकॉर्डिंगला कसं जमणार, रेकॉर्डिंगला समोर कोण बसलंय ते दिसतंय थोडंच?

पियानोवरच उभी राहिलेली एक पद्धतही आहे, नॉर्डॉफ-रॉबिन्स, १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये एका अमेरिकन पियानिस्टने आणि एका स्पेशल एज्युकेटरने सुरू केली. मूल ढोलावर वेडंवाकडं काहीही आपटेल, पियानो त्याच्या ठेक्याला धरून वाजतो, आणि कधीतरी मुलाच्या लक्षात येतं की अरे, हे माझंच ऐकून वाजतंय. मोठ्यांसाठी पण वापरतात.

तिकडे कोणी शोधणार असाल तर आधी विचारा, शिक्षण काय, कुठे केलं, बाबांच्या डॉक्टरांशी बोलणार का. शेवटच्यावर आढेवेढे घेतले की उठायचं तिथून.

काळी दोन

डोंबिवलीत पियानो आणि पेटी दोन्ही शिकवते. रिटायर्ड विद्यार्थी बरेच आहेत माझ्याकडे, सकाळी अकराची बॅच त्यांचीच.

ताई, तुमच्या पोस्टमधलं मला काय दिसलं सांगू? बाबांना सूर नकोसे झालेले नाहीत, ती पेटी नकोशी झालीये. त्या पेटीवर आईंचं गाणं आहे, भाता हलवला की तेच कानात येणार. कीबोर्डवर पट्ट्या त्याच, पांढऱ्या काळ्या तशाच, बोटांना सगळं ओळखीचं, पण आवाज वेगळा आणि त्या आवाजाला मागचं काही चिकटलेलं नाही. म्हणूनच खेळण्यातल्या कीबोर्डवर हात गेला असणार. त्यामुळे पेटी वरच राहू दे, ते म्हणतील तेव्हा उतरेल, नाही म्हणाले तरी बिघडत नाही. आणि कीबोर्डवर हार्मोनियमचा टोन चुकूनही लावून देऊ नका पहिल्या दिवशी, हौशी सेल्समन मुद्दाम लावून दाखवतात.

येईल का या वयात, तर उजवा हात येतोच आहे. गंमत डाव्या हाताची असते. पेटीवाल्यांचा डावा हात आयुष्यभर भात्यावर, त्यामुळे पियानोसमोर बसले की तो आपोआप मागेपुढे व्हायला लागतो, मांडीवर ठेवला तरी मनगट हलत असतं. सगळे हसतात स्वतःलाच. मग मी त्याला एकच काम देते, सा आणि प, दोनच पट्ट्या, तंबोऱ्यासारख्या आलटून पालटून, आणि वर उजव्या हाताने काय हवं ते वाजवा. पहिला महिना एवढंच. कॉर्ड, स्टाफ नोटेशन, परीक्षा वगैरेच्या मागे लागलात तर पळून जातील.

दुसरी अडचण येते ती म्हणजे पियानोचा सूर मरतो. पेटीवर हवा आहे तोवर सूर धरून ठेवता येतो, इथे पट्टी दाबली की लगेच ओसरायला लागतो. भजनातल्या लांब सुरांचं काय करायचं मग? तर पायाखालचं पेडल, ते दाबलं की आवाज रेंगाळतो. आणि खरं सांगायचं तर ते ओसरणंच काही लोकांना आवडायला लागतं, पुढचा सूर लावायची घाई जाते. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र नाही निघणार, दरबारी रागातला गंधार शोधायला जाऊ नका, पेटीवर तरी कुठे होता म्हणा! याच कारणाने आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं, पण भजनी मंडळांचं काही अडलं नाही.

खरेदीचं: ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड आठ-दहा हजारांपासून मिळतो, ८८ पट्ट्यांचा जड ॲक्शनवाला (पट्ट्या दाबायला खऱ्या पियानोसारख्या जड) डिजिटल पियानो चाळीसच्या आगेमागे जातो. तुम्ही आत्ता साधाच घ्या, फक्त हळू दाबलं की हळू आणि जोरात दाबलं की जोरात वाजतो एवढं दुकानात स्वतः दाबून बघा, त्याला टच सेन्सिटिव्ह म्हणतात. हे नसेल तर सगळे सूर एकाच आवाजात ठोकल्यासारखे येतात आणि पेटीवाल्या माणसाला तिसऱ्या दिवशी वीट येतो. ट्रान्सपोझचं, म्हणजे सगळे सूर वरखाली सरकवायचं बटण बघा, बाबा काळी एकमध्ये गाणारे असतील आणि बोटं पांढरी एकची बसलेली असतील तर ते बटण दाबून काम होतं. सेकंडहँड घेणार असाल तर सगळ्या पट्ट्या एक एक करून वाजवा, मधल्या दोन सप्तकांत हमखास एखादी मेलेली असते.

मडगांवची शणै

मडगावहून. घरात आजोबांच्या वेळचा लाकडी पियानो आहे म्हणून एवढंच सांगते, हौसेने जुना खरा पियानो घ्यायच्या फंदात पडू नका कोणी. जूनपासून हवेने लाकूड फुगतं, पट्ट्या खाली गेल्या की वर येत नाहीत, आम्ही आत छोटा बल्ब लावून ठेवतो पावसाळाभर, तरी ट्यूनिंगवाल्याची वाट बघण्यात चतुर्थी येते.

ऐकायचं पण अगदीच टाकाऊ नाही हां. मला परीक्षेच्या दिवसांत एरिक साती या फ्रेंच संगीतकाराचा पहिला जिमनोपेदी, पियानोवरचा एक छोटा तुकडा, फार उपयोगी पडायचा, १८८८ चा आहे, इतका सावकाश आणि मोकळा की मध्ये तुमचा श्वास मावतो. पण मन खाली गेलेलं असताना तेच तेच उदास वाजवत ऐकत राहिलं की माणूस आणखी खोल जातो, हे मी घरात पाहिलंय. काकांना बंद खोलीत हेडफोन लावून २१ दिवस एकटं पडून राहायला सांगणं हे मला त्या ४३२ पेक्षा जास्त खटकलं. ऐकायचंच तर सगळ्यांनी हॉलमध्ये ऐका, चहाच्या वेळी. ब्रायन सायलसने जुनी हिंदी गाणी पियानोवर वाजवलीयेत, शब्द नाहीत, चाली ओळखीच्या, बाबांच्या पिढीला पटकन रुचतात. मधूनच "हे कुठलं गाणं हो" विचारा. उत्तर आलं तर आलं.

तिसरी घंटा

मडगांवची यांचा शेवटचा मुद्दा फार चांगला आहे. त्यात भर, २००६ मध्ये इटलीत एक अभ्यास झाला होता, वेगवेगळ्या लयीचं संगीत ऐकवून श्वास, नाडी, ब्लड प्रेशर मोजलं. संथ लयीत श्वास संथ होतो हे अपेक्षितच, पण सगळ्यात जास्त सैलावले ते लोक मध्ये दोन मिनिटं संगीत बंद ठेवलं तेव्हा. त्यामुळे दिवसभर मागे इन्स्ट्रुमेंटल लावून ठेवायची गरज नाही. एक लावा, बंद करा, बसा जरा.

खडूस मास्तर

म्हणजे आतेभावाचा फोन सायलेंटवर टाकायला मी सांगितलं ते शास्त्रीय होतं तर.

गोदाकाठ

सगळ्यांचे खरंच आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. कोर्सला नाही म्हणून कळवलं. आतेभाऊ रुसलाय, तुला सगळ्यात पुरावेच लागतात म्हणाला. रॅखमॅनिनॉफ पाठवला त्याला मास्तर, ब्लू टिक आली, उत्तर नाही.

डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले कीबोर्ड जरूर आणा, रोज एका ठराविक वेळी बसवा आणि पुढच्या व्हिजिटला काय वाजवतात ते मला सांगा. गोळ्या आहेत तशाच. काळी दोन ताई, ते पेटी नकोशी झालीये हे वाचून मी बराच वेळ नुसती बसले होते. ओळखीच्या एकांकडे ६१ वाला पडून आहे, टच सेन्सिटिव्ह आहे, मुलगा शिकायचा सोडून क्रिकेटला गेला. बाबांना काही सांगितलं नाही अजून. मुलासाठी आणलाय असं सांगू का? खोटं बोलल्यासारखं होईल का? आणि त्याला पेडल नाहीये, लागेलच का?

काळी दोन

खोटं कशाला, मुलासाठीच आणा ना. आजोबांनी नातवाला सारेगम शिकवायचं, हे सगळ्यात बेस्ट, माझ्याकडचे दोघं आजोबा असेच आलेत, नातू कधीच सोडून गेला आणि आजोबा टिकले. फक्त नातवाला सांगून ठेवा, आजोबांना चुकलं म्हणून ओरडायचं नाही.

पेडल वेगळं मिळतं, हजाराच्या आत बाहेर, पण आधी कीबोर्डच्या मागे सस्टेन लिहिलेलं भोक आहे का बघा. आणि साधं चपटं प्लास्टिकचं घेऊ नका, फरशीवर घसरत घसरत भिंतीला जातं, माणूस पायाने शोधत बसतो. खाली रबर असलेलं घ्या.

सासवडचा शेंगदाणा

धागा हायजॅक करतोय, सॉरी. काळी दोन ताई, बायकोला ऑफिसचा प्रचंड ताण आहे, आजार वगैरे नाही, रात्री साडेदहाला घरी येते आणि तेव्हाच तिला वाजवायचं असतं. सोसायटीत खालच्या काकू वर येतात. हेडफोन लावला तरी म्हणतात ठकठक ऐकू येते. हे शक्य आहे का?

काळी दोन

शक्य आहे, पट्ट्या खाली आपटल्याचा आवाज स्टँडच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरतो, जड ॲक्शनवाल्याचा जास्त. स्टँडच्या चारी पायांखाली वॉशिंग मशीनखाली घालतात ते रबरी पॅड घाला आणि त्याखाली जाड सतरंजी. काकूंना एकदा वर बोलावून वाजवून दाखवा, त्यांना कुठलं गाणं हवंय विचारा.